खोक्यात बसायला शिकलेला कुत्रा

खोकं हललं, मग सरकलं, अन् मग माझ्या डोळ्यासमोर आडवं झालं. आत कुत्रा ओरडत होता, भुंकत नव्हता, माणूस भाजल्यावर ओरडतं तसं ओरडत होता, अन् फळ्यांच्या फटीतून त्याची नखं बाहेर यायची, आत जायची. पोरगं जमिनीवर, खोक्यापासून हातभर लांब, तेही रडायला लागलं. मला कळेना आधी काय धरू. कडी काढली तर कुत्रा बाहेर येऊन पोराच्या अंगावर पडेल, नाही काढली तर खोकंच पोरावर लोटेल. मी पोराला उचललं अन् खाटेवर चढून उभी राहिले. दुसरं काही सुचलंच नाही. खाटेवर नवरा झोपलेला, रातपाळी करून नुकताच आलेला, त्याच्या नडगीवर माझा पाय पडला.

"काय व्हयनं?" तो उठून बसला.

मी काही सांगायच्या आतच एक फळी तुटली. कुत्रा त्या तुटक्या जागेतून निघाला, नाकावर रक्त, दारातून सरळ गल्लीत, अन् समोरच्या हातगाडीखाली जाऊन बसला. तिथून तो आमच्याच दाराकडे बघत होता. गल्लीतल्या बाया जमा झाल्या. शेजारची काकू, जळगावकडची, पदर तोंडाला लावून म्हणाली, "कुत्र्याला कोंडायला गेली अन् स्वतःच खाटेवर चढून बसली बाई."

सगळ्या हसल्या. मी पण हसले असते, पण अजून पोराला घेऊन खाटेवरच उभी होते.

झालं असं होतं, की पोरगं रांगायला लागलं होतं. आमची एकच खोली, सुरतेत गोडादऱ्याला, खोल्यांच्या रांगेत शेवटची. तेवढ्यात चूल-भांडी, खाट, मोरी, पोरगं अन् कुत्रा. पोरगं कुत्र्याची शेपटी धरायचं. एकदा कुत्रा झोपेतून दचकून उठला अन् त्याचा पाय पोराच्या पोटावर पडला. ओरखडा उठला, दुसरं काही नाही. पण ती गोष्ट नवऱ्याने गावी सांगितली, अन् सासूचा निरोप आला की अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मी पोराला बघायला येते, पण घरात कुत्रा मोकळा फिरत असेल तर मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार नाही.

म्हणून नवऱ्याने ते खोकं आणलं. तो ज्या खात्यात माग चालवतो, खातं म्हणजे मागाचा कारखाना, सुरतेत असंच म्हणतात, तिथं नवीन मशीन लाकडी खोक्यात आलं होतं. चुलीला होईल म्हणून तो खोकं घेऊन आला अन् मग म्हणाला की जाळू नको, यात कुत्र्याला ठेवू. एका बाजूला बिजागरी लावून दार केलं, कडी लावली. खोलीच्या मागच्या भिंतीला लावून ठेवलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. अन् मी काय केलं, तर कुत्रा पाणी पीत होता तेव्हा मागून ढकलून त्याला आत घातलं अन् कडी लावली. कोंबडी डालतात तशी. मला वाटलं, थोडं ओरडेल अन् गप्प बसेल. आमच्याकडे वासरालाही असंच करतात.

त्या सकाळी नवरा खाटेवर बसूनच म्हणाला, "अखाजीपर्यंत हा खोक्यात बसला तर बसला. नाही तर तिकडे सचिन गावात एका खात्याच्या वॉचमनला कुत्रा पाहिजेच आहे. टेम्पोत घालून सोडून येतो."

"तिथं काय करतील त्याचं?"

"गेटला बांधतील. दुसरं काय करतात?"

 मी हातगाडीखाली बघितलं. तो नाक चाटत होता.

हा कुत्रा मला का पाहिजे, ते सांगते. प्लेगच्या वर्षी सगळी सुरत पळाली तेव्हा आम्हीपण गावी पळालो होतो. परत आलो तर हा आमच्या पायरीवर बसलेला. मागच्या खात्याच्या वॉचमनचा होता तो, चांगला मोठा, दात झिजलेले. वॉचमन त्याच्या मुलखाला गेला तो आलाच नाही. त्याला नाव नव्हतं, 'ए' म्हटलं की यायचा. आम्हीपण 'ए'च म्हणतो. आमची खोली शेवटची, पुढे मोकळं रान अन् खाडीकडे जाणारी वाट. नवऱ्याची रातपाळी असली की मी एकटी. पोर पोटात असताना कुणीतरी दार ढकललं होतं बाहेरून, दोनदा, हळू, आत कोण आहे बघायला ढकलतात तसं. हा बाहेर होता, हा भुंकला अन् ते पाय निघून गेले. तेव्हापासून मी त्याला आत घेते. रातपाळीच्या रात्री तो दाराला पाठ लावून झोपतो, म्हणून मी झोपते. तो गेला तर मी झोपणार कशी, हे कुणी विचारलं नाही, अन् मीपण सांगितलं नाही. सांगून काय, पाळी बदलून मिळते का?

अन् सासूचंही खोटं नव्हतं. तिच्या लहानपणी गावात एक पिसाळलेला कुत्रा आला होता, त्याने तिच्या चुलत भावाला चावलं, तिने ते पोर पाण्याला घाबरून मरताना बघितलं होतं. ती कुत्रा दिसला की अजून पायातलं पायताण हातात घेते. तिच्यावर कुठे चिडायचं?

मी तेव्हा एका बँकेतल्या साहेबांच्या घरी भांडी घासायला जायचे, पोराला कडेवर घेऊन. ती माणसं पुण्याची. त्यांच्याकडे पांढऱ्या केसांचा छोटा कुत्रा होता अन् त्याला लोखंडी पिंजरा, आत गादी. तो आपापला आत जाऊन झोपायचा, दार उघडं असलं तरी. मला नेहमी वाटायचं श्रीमंतांच्या कुत्र्यांचं रक्तच वेगळं असेल. त्या दिवशी तिथल्या बाईंनी माझ्या हातावरचे ओरखडे बघितले अन् विचारलं. मी सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "अगं, ढकललंस कशाला? तुला कुणी खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली तर?"

"लग्न झाल्यावर तेच झालं की बाई," मी म्हटलं.

त्या हसल्या, पण मग खाली बसून नीट सांगायला लागल्या. त्यांनी कुठल्यातरी पुस्तकात वाचलं होतं. म्हणाल्या, मारायचं नाही, ओढायचं नाही, कडी तर लावायचीच नाही अजून. दारच काढून ठेव. त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं?

"खारी. चहात बुडवलेली."

"मग खारी फक्त त्या खोक्याजवळ. दुसरीकडे कुठेच नाही. आधी जवळ टाक, मग दारात, मग आत. तो आत गेला की शाबास म्हण, बाहेर आला तर येऊ दे. त्याला वाटलं पाहिजे की तिथं गेलं की चांगलंच होतं, अन् आपल्या मनाने जाता येतं, आपल्या मनाने बाहेर येता येतं. मोठा कुत्रा आहे, वेळ लागेल."

"वेळ अखाजीपर्यंतच आहे."

"त्याला अखाजी माहीत नाही," बाई म्हणाल्या.

बेकरीवाला खारीचा चुरा देतो, तो आणून ठेवला. तुटलेली फळी नवऱ्याने ठोकून दिली, पण दार काढून बाजूला ठेवलं. नाकावरचं रक्त सुकलं तरी कुत्रा खोलीत आला की भिंतीच्या त्या बाजूला बघायचा नाही. मी पोराला पाठीला बांधायचे, नाहीतर ते खारी खायला आधी पोचायचं, अन् मी जमिनीवर बसून तुकडे टाकायचे. पहिल्यांदा खोक्यापासून लांबच. मग थोडं जवळ. मग दारात. त्यात स्वयंपाक राहायचा, साड्यांचे धागे कापायला आणलेले असायचे ते राहायचे. शेजारची काकू दारात उभी राहून म्हणायची, "चालू झाली का शाळा?"

"हो. तुम्ही येता का, बाकावर जागा आहे."

"मला खारी देशील तर येते."

दारापर्यंत तो यायला लागला. पण आत नाही. मान लांब करायचा, इतकी लांब की मला वाटायचं आता तुटेल, मागचे पाय बाहेर रोवलेले, अन् तुकडा उचलून झटकन मागे. पुढचा एक पाय आत ठेवला तरी लगेच उचलायचा, तापलेल्या तव्यावर ठेवल्यासारखा. मी शाबास म्हणायचे, आवाज गोड करून, अन् मनात म्हणायचे, जा की रे, जा, सचिनला गेलास तर खारी कोण देणार तुला. पण ढकललं नाही. बाईंनी सांगितलं होतं म्हणून नाही ढकललं, अन् खरं म्हणजे मला परत खाटेवर चढायचं नव्हतं.

मग सुट्टीचा दिवस आला. आमच्याकडे आठवड्यातून एकदा मागाची लाईन, म्हणजे वीज, बंद असते, सगळी खाती बंद. त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना डोकं जड होतं, झोप नीट लागत नाही. माग चालू असतानाच आम्हाला झोप येते, ते बंद पडले की दचकून जाग येते, तशी सवय झाली आहे. नवरा कूस बदलत पडला होता. मी खारी टाकली अन् कुत्रा चालत आत गेला. सगळा. चारही पाय. आत फिरला, वास घेतला अन् बसला.   मग त्याने हनुवटी पायांवर ठेवली.

मी नवऱ्याला हलवलं. "बघा. बघा ना."

त्याने एक डोळा उघडला. "हाऊ ते शाना शे," म्हणजे हा तर शहाणा आहे, अन् परत कूस बदलली.

मी त्या दिवशी इतकी खूश होते की बाईंना सांगायला दुसऱ्या दिवशी लवकर गेले. परत आले, खारी टाकली, अन् कुत्रा परत पहिल्यासारखा. मान लांब, मागचे पाय बाहेर. एक पाय आत, लगेच उचलला. मला वाटलं दमला असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. मी बसल्या जागी रडले. पोरगं पाठीवर होतं, ते माझे केस ओढत होतं अन् मी रडत होते अन् कुत्रा माझ्याकडे बघत होता, खारीसाठी, का कशासाठी कुणास ठाऊक.

पुढच्या सुट्टीला परत गेला आत. झोपलासुद्धा. माग सुरू झाले, परत बाहेर.

काकू म्हणाली, "तुझ्या नवऱ्यासारखंच आहे ते. त्यालापण सुट्टीलाच घरात बसायचं असतं."

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या असं तर कुठे वाचलं नाही, तू घाई करत असशील, परत मागून सुरू कर. मी परत मागून सुरू केलं. अखाजी जवळ आली होती. गल्लीतल्या पोरींची माहेरी जायची तयारी चालली होती, झोके बांधायच्या गप्पा चालल्या होत्या. मला माहेरी बोलावणं होतं, मी नाही म्हटलं. कुत्र्यासाठी माहेर सोडलं म्हणून आई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

खोक्यात मी पाण्याची वाटी ठेवली होती, की निदान पाण्यासाठी आत जाईल. स्टीलची, पसरट. एका दुपारी मी कंटाळून, दमून, खोक्यासमोर आडवी पडले होते, गाल जमिनीवर. डोळ्यासमोर ती वाटी. पाणी हलत होतं. बारीक बारीक वर्तुळं उठत होती मधून, कडेला जात होती, परत उठत होती, थांबतच नव्हती. मी वाटी धरली तरी हलत होतं. मी वाटी उचलून खोलीच्या मधे जमिनीवर ठेवली तर पाणी जवळजवळ स्थिर. परत खोक्यात ठेवली, परत वर्तुळं. मग मी हात खोक्याच्या आतल्या फळीवर ठेवला, सगळा पंजा, अन् मला ते कळलं. फळी थरथरत होती. मागची भिंत खात्याची. भिंतीपलीकडे माग. भिंतीला खोकं टेकलेलं. आम्ही तिथं राहून राहून बहिरे झालो, हातापायानेही बहिरे. ते खोकं दिवसभर धडधडत होतं अन् मी त्याला खारी दाखवून म्हणत होते की ये, इथे फार छान आहे.

 त्या पहिल्या दिवशी मी त्याला त्या धडधडीत घालून कडी लावली होती.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, खोकं हलवायचं. तो म्हणाला कुठे, तुझ्या डोक्यावर? खोली केवढी. मग आम्ही खाट भिंतीला लावली अन् खोकं दाराजवळच्या बाजूला, मोरीपासून जरा अलीकडे. खाली पोत्यात धाग्यांचा कचरा भरून त्याची गादी केली अन् वर जुनी गोधडी. हात ठेवून बघितला. गप्प. नवरा रातपाळीवरून येऊन भिंतीला लावलेल्या खाटेवर झोपला अन् दुपारी उठून म्हणाला, "आज लय झोप लागली. पाळण्यात घातल्यासारखी."

कुत्र्याने मात्र लगेच काही केलं नाही. खोकं नवीन जागी आहे म्हणून त्याला परत सगळा वास घ्यावा लागला. पण पाय उचलणं थांबलं. पुढचे दोन पाय आत राहू लागले, मग तिसरा. मग एक दिवस मी पोराला भात भरवत होते, खारी टाकलीच नव्हती, अन् बघते तर हा आत पडलेला, डोळे मिटून. मी हळूच एक तुकडा त्याच्या तोंडाशी ठेवला. त्याने डोळे न उघडता खाल्ला.

मग दार परत लावलं. बाईंनी सांगितलं तसं. नुसतं हलवायचं, खारी. अर्धं लावायचं, खारी. लावायचं अन् लगेच उघडायचं, तो मागायच्या आधीच उघडायचं. कडी अगदी शेवटी. कडीचा आवाज झाला की तो अजून कान मागे घ्यायचा, म्हणून मी कडीला चिंधी गुंडाळली. 'घरात' म्हटलं की जाऊ लागला. मी चूल पेटवली की पोराला खाली सोडायचे, त्याला म्हणायचे घरात, कडी लावायचे, अन् स्वयंपाक होईपर्यंत तो आत, पोरगं बाहेर, कुणी कुणावर पडत नाही. पोर झाल्यापासून मी दोन्ही हातांनी भाकरी थापली असेल तर तेव्हाच.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, अखाजी झाल्यावर आल्या. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या, पायताण हातात. मी कुत्र्याला 'घरात' म्हटलं. तो उठला, खोक्यात गेला, फिरून बसला. मी कडी लावली. आत्याबाई बघत राहिल्या. मग पायताण खाली ठेवलं.

"तू शिकाडं?" त्यांनी विचारलं. तू शिकवलं?

"हो आत्याबाई."

"मना पोऱ्याले नही शिकाडता उनं तुले?" माझ्या मुलाला नाही शिकवता आलं? नवरा तिकडे तोंड करून दाढी करत होता, तो हसला.

दोन-तीन दिवसांनी त्या मला विचारल्याशिवाय खारी टाकायला लागल्या. लांबूनच, तोंड दुसरीकडे करून, जणू हातातून पडली. मला वाटलं झालं. आता कुत्रा कुठे जात नाही. मी किती दिवसांनी तेवढी गाढ झोपले.

अन् मग ती सकाळ. नळाला पाणी आलं होतं, मी हंडा घेऊन बाहेर. आत्याबाई गहू निवडत होत्या, पोरगं त्यांच्याजवळ. कुत्रा खोक्यात, पण मी कडी लावली नव्हती. तो आपल्या मनाने आत पडला होता, मग कडी कशाला, असं मला वाटलं. बाई म्हणायच्याच की दार उघडं असलं तरी राहिला म्हणजे शिकला. पोरगं रांगत खोक्याकडे गेलं. आत्याबाईंचं लक्ष सुपात. पोरगं दारातून आत गेलं, अर्धं, अन् कुत्र्याच्या पुढे खारीचा तुकडा होता त्यावर हात ठेवला.

कुत्रा गुरगुरला. मी नळावर होते, मला ऐकू आलं नाही. मला आत्याबाईंचा आवाज ऐकू आला. हंडा तसाच टाकून आले. आत्याबाईंनी पोराला छातीशी धरलं होतं, त्यांच्या हातातून गहू खाली सगळीकडे. पोरगं रडतही नव्हतं, त्याच्या मुठीत खारी होती. मी त्याचे हात बघितले, तोंड बघितलं, कपडे काढून सगळं अंग बघितलं. काही नव्हतं. मग मी खोक्यात बघितलं. कुत्रा अगदी मागच्या कोपऱ्यात, फळीला चिकटून, तोंड भिंतीकडे. मी 'ए' म्हटलं तरी वळला नाही.

"गुरगुरना," आत्याबाई म्हणाल्या. हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"चावला नाही ना पण. मागे सरकला. बघा ना कुठे बसला आहे."

"आज नही चावना."

 मी गहू गोळा करायला बसले. त्या पण बसल्या, एका हातात पोरगं धरून, एका हाताने गहू. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पोऱ्या तुना शे. कुत्रा बी तुना शे. तूच देख." पोरगं तुझं, कुत्राही तुझा, तूच बघ.

नवरा घरी आला, त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं आता टेम्पो बोलावतो. तो जेवला, हात धुतले अन् म्हणाला, "माले काय इचारस? तू शिकाडं, तूच ठरव." मला काय विचारतेस. आजपर्यंत घरात भाजी कुठली करायची तेही मी ठरवलं नव्हतं, अन् हे मी ठरवायचं.

मी बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "गुरगुरणं म्हणजे त्याचं सांगणं असतं. त्याबद्दल त्याला मारू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाही, सरळ चावेल. ती जागा त्याची आहे असं तूच शिकवलंस. तुझं बाळ त्याच्या जागेत गेलं. त्याने बरोबरच केलं, मागेपण सरकला."  मग त्यांनी माझ्या कडेवरच्या पोराकडे बघितलं. "पण मी तुझ्या जागी असते तर..."  त्यांची मुलं कॉलेजात आहेत.

घरी येताना मी सगळा रस्ता विचार करत आले. कुत्रा शिकला, त्याला शिकवलं होतं म्हणून. पोराला कुणी शिकवलं? ते तर रांगतं. त्याला खारी दाखवून 'घरात' शिकवायचं तर अजून वर्ष पाहिजे. कडी कायम लावून ठेवली तर कुत्रा परत पहिल्या दिवसासारखा होईल, ते मला दिसत होतं. अन् रातपाळी तर चालूच होती.

बांधकामावर बाया काय करतात माहीत आहे ना, विटा उचलायला जाताना पोराच्या कमरेला जुन्या साडीची पट्टी बांधतात अन् दुसरं टोक बांबूला. मी तेच केलं. लग्नातली साडी फाटली होती, तिची लांब पट्टी काढली, पोराच्या कमरेला सैल बांधली, दुसरं टोक खाटेच्या पायाला. पट्टी मोजून अशी ठेवली की ते रांगत सगळीकडे जाईल, पण खोक्याच्या हातभर अलीकडे थांबेल. मी घरात असते, माझे डोळे त्याच्यावर असतात, तेव्हा सोडते. पाण्याला जायचं, भाकरी करायच्या, धागे कापायचे, तेव्हा बांधते. बाहेर जायचं तर कडेवर घेते.

आत्याबाईंनी बघितलं.  गावी निघाल्या तेव्हा पिशवी उचलताना म्हणाल्या, "गावमा काय सांगू? कुत्रा मोकळा अन् पोऱ्या बांधेल?" गावात काय सांगू, कुत्रा मोकळा अन् पोरगं बांधलेलं?

मी म्हटलं, "जे बघितलं ते सांगा."

गल्लीतही तेच म्हणतात. काकू तोंडावर म्हणते, बाकीच्या मागून म्हणतात. पोरगं पट्टी ताणून खोक्यासमोर बसतं, कुत्रा आतून त्याच्याकडे बघतो, पट्टी पुरत नाही म्हणून पोरगं रडतं, मग दमून तिथंच झोपतं. मी भाकरी थापता थापता दोघांकडे बघते. रोज एकदा तरी मला वाटतं की मी चूक करते आहे, अन् रोज रातपाळीला नवरा गेला की वाटतं की नाही करत. सचिनचा वॉचमन अजून कुत्रा मागतो आहे, नवरा परवाच म्हणाला, नुसतं सांगायचं म्हणून म्हणाला.

तुम्ही शिकलेली माणसं असाल, हे वाचताय म्हणजे. तुमच्या घरात खोल्याही जास्त असतील. मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? जो कुत्रा तुमच्या भरवशावर खोक्यात गेला, त्याला त्याच भरवशाने आत बोलावून, कडी लावून, टेम्पोत चढवलं असतं? का नाही? अन् रांगणारं पोरगं तुमचं असतं तर?